मंडळी आटत चाललीय, आता काय? – वाचकांचे प्रश्न

या वेळची निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याबद्दल आहेत, चर्चची मंडळी, म्हणजे रविवारी उपासनेला जमणारी माणसं, कमी होत चाललीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, गाव ओळखू येईल असा मजकूरही काढलाय. पत्रं लांब होती, थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : सप्रेम सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेल्या वर्षी पाळक (पास्टर) म्हणून आलो. चर्च मिशनऱ्यांच्या काळातलं, दगडी, तीनशे माणूस आरामात बसेल. रविवारी येतात तीस-पस्तीस, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे, तेही मागच्या बाकांवर पांगून बसतात. नाताळला मात्र उभं राहायला जागा नसते. तरुण पोरं पुण्याला, जी गावात आहेत ती नव्या फेलोशिपला (वेगळ्या स्वतंत्र प्रार्थना मंडळाला) जातात. पंच, म्हणजे चर्च कमिटीतले लोक, म्हणाले उज्जीवन सभा (थंड पडलेली श्रद्धा जागवायची सभा) घ्या, बाहेरचा वक्ता बोलवा. तीन दिवस मांडव, साउंड, जेवण, सगळं केलं, पुढच्या रविवारी परत तेच तीस. सुरुवात कुठून करू?

उत्तर : पास्टर, सलाम. सभेचं आधी बोलू, कारण ही चूक तुमची एकट्याची नाही, आपल्याकडे मंडळी थंड पडली की पहिलं औषध हेच. उज्जीवन सभेच्या पत्रकावर दौंडजवळच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव हमखास असतं, १९०५ साली तिथं जे उज्जीवन झालं त्याची आठवण काढायची आणि तसंच इथं होवो म्हणून प्रार्थना करायची. चांगलंय. पण त्याच्या आधीची वर्षं कुणी छापत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, त्यांना खायला घातलं, शेती, विणकाम, छापखाना शिकवला, आणि हे वर्षानुवर्षं चाललं, त्यानंतर ते १९०५. आपण क्रम उलटा लावतो आणि मग वक्त्याला दोष देतो.

आता रजिस्टर. मंडळीची नावनिशी काढा आणि गावातल्या दोन सगळ्यात जुन्या आज्यांना घेऊन बसा, चहा ठेवा, घाई करू नका. एकेक नाव वाचायचं आणि विचारायचं, हे कुठं गेले. वारले किती, पुण्याला किंवा मुंबईला किती, लग्न करून गेल्या किती, फेलोशिपला किती, आणि रागावून घरी बसलेले किती. तुम्हाला वाटतंय लोकांची श्रद्धा आटली. मला वाटतं यादी पुरी होईल तेव्हा सगळ्यात मोठा आकडा स्थलांतराचा निघेल, आणि दुसरा रागावलेल्यांचा. स्थलांतराला तुमचा संदेश (रविवारचं प्रवचन) जोरात दिल्याने काही होणार नाही. रागावलेल्यांना होईल, पण संदेशाने नाही, घरी जाण्याने.

आणखी एक गोष्ट पंचांना सांगा. ते ज्या भरलेल्या चर्चची आठवण काढतात ते कशामुळे भरायचं? अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालं, नगरला १८३१ मध्ये, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं चर्चच्या अवतीभवती शाळा, बोर्डिंग, दवाखाना हे सगळं उभं होतं. मास्तर मिशनचे, नर्स मिशनची, बोर्डिंगची पोरं रविवारी रांगेत आणून बसवलेली. स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू गेले, बाहेरचा पैसा आटला, १९७० साली नागपूरला अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि कारभार आपल्याच हाती आला, बोर्डिंग बंद पडली, नोकऱ्या संपल्या, मग बाकं रिकामी दिसायला लागली. म्हणजे तेव्हाच्या तीनशेमध्ये स्वतःच्या पायाने आलेले किती होते हे कुणी कधी मोजलंच नाही. तुमचे तीस मात्र स्वतःच्या पायाने येतात, काही तर गुडघे धरत येतात. त्यांची लाज वाटून घेऊ नका.

पुढे काय करायचं तर माझं मत सरळ आहे, चर्चमध्ये माणसं कशी आणायची हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवा आणि कंपाउंडच्या बाहेरच्या गल्लीला काय पाहिजे ते विचारा. फॉर्म घेऊन सर्व्हे नको, लोक फॉर्म बघितला की एकतर घरकुल मिळणार समजतात नाहीतर दार लावतात. नुसतं बसा, टपरीवर, दूध डेअरीवर, सलूनमध्ये. तुमच्याच जिल्ह्यात जामखेड आहे, तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये गेले, दोघं वेलोरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले, ख्रिस्ती, सेवा करायला आलेले, दवाखाना टाकला असता तरी लोक आले असते. पण त्यांनी विचारलं आणि गावं म्हणाली आम्हाला आधी पाणी पाहिजे, खायला पाहिजे. मग ते आधी तिकडे वळले. पुरुष मंडळी जातीजातीत वाटलेली म्हणून डॉक्टर त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळायचे, त्यातनं शेतकरी मंडळं झाली. हातपंप दलित वस्तीत बसले म्हणजे पाण्याला सगळ्यांना तिकडंच यावं लागेल. आणि आरोग्याचं काम दिलं कुणाला, तर गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर. १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं ते नंतरचं. यातलं तुम्ही काहीही मोठं करायचं नाहीये, तुमच्याकडे ना डॉक्टर ना पैसा. पण आधी विचारायचं आणि काम त्यांच्याच हातात द्यायचं, एवढं तीस माणसांच्या मंडळीला जमतं.

माझा अंदाज सांगू? तालुक्याच्या गावी दोन गोष्टी बहुतेक निघतील. एक, पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं, ज्यांच्या घरी एकच खोली आणि टीव्ही चालू, अभ्यासाला जागा नाही. तुमचा हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलपात, पंखे आहेत, लाइट आहे, बाकं आहेत. दुसरी, म्हातारी माणसं, मुलं पुण्याला, बीपीची गोळी संपली तरी आणून द्यायला कुणी नाही, आणि ही फक्त ख्रिस्ती घरांत नाहीत, सगळ्या गल्लीत आहेत. तुमच्या महिला संघातल्या साठीच्या बायकांना हे दुखणं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, ते काम त्यांना द्या. कुठलंही एकच निवडा. दोन्ही एकदम घेतलं तर पावसाळ्यापर्यंत दोन्ही बंद.

पंच नको म्हणतील. "लाइट बिल कोण भरणार", "बाहेरची पोरं बाकं मोडतील", "पूर्वी असं नव्हतं". सगळ्यांचं मन वळेपर्यंत थांबू नका, तयार असलेले तिघं-चौघं घेऊन सुरू करा, पण कमिटीच्या मिटिंगमध्ये ठराव मात्र नीट लिहून घ्या, नाहीतर उद्या तुमची बदली झाली की नवीन पाळक आणि जुने पंच मिळून कुलूप लावतील. बदलीचं म्हणालो ते गंमत म्हणून नाही. पाळक तीन-चार-पाच वर्षांत जाणार हे धरूनच काम आखा, किल्ली पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे नको, गावातल्या माणसाकडे हवी.

उपासनेत लगेच फार बदल नको. फक्त लोकांना पुढच्या बाकांवर जवळजवळ बसवा, मागची बाकं भिंतीला लावून टाका, आवाज एकत्र आला की गाणं बदलतं. आणि संदेश वीस मिनिटांत संपवा, ही माझी जुनी तक्रार आहे, पाळक लोकांना आवडत नाही.

शेवटचं राहिलं ते रागावलेल्यांचं. बहुतेक मंडळ्यांत दोन घराण्यांचं भांडण असतं, कमिटीच्या निवडणुकीतलं नाहीतर कबरस्तानाच्या जागेतलं, आणि नवीन पाळक आला की दोन्ही बाजू त्याला जेवायला बोलावतात. दोन्हीकडे जेवा, एकाचंही ऐकून दुसऱ्याकडे सांगू नका. मला कितीतरी मंडळ्या माहीत आहेत जिथं उपस्थिती ड्रम-गिटारमुळे नाही, या भांडणामुळे घटली, तरुण पोरांनी आईबापाची चर्चच्या आवारातली हमरीतुमरी बघितली आणि म्हणाली नको हे.

प्रश्न : आमच्या महिला संघाने चर्चच्या व्हरांड्यात चौथी ते सातवीच्या मुलांची फुकट शिकवणी चालू केली, वस्तीतली सगळ्या धर्मांची मुलं येतात. आता काही जण म्हणतात धर्मांतरासाठी चाललंय. आमच्यातल्याच काही बायका म्हणतात सुरुवातीला प्रार्थना आणि शेवटी एक बायबलची गोष्ट घेतली पाहिजे, नाहीतर चर्चचा काय फायदा? दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतंय.

उत्तर : ताई, आधी घरातल्या बायकांचं. गणित शिकायला आलेल्या मुलाला गोष्ट ऐकावी लागते हे गणिताचं शुल्क झालं, आणि पालकांनी ते कबूल केलेलं नाही. शिकवणी म्हणजे शिकवणी. नाताळच्या कार्यक्रमाला बोलवायचं असेल तर आईबापांना बोलवा, मुलांना परस्पर नको. कुणी मोठ्या माणसाने आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्यायला लाजायचं कारण नाही, राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने तो हक्क दिलाय. पण दहा वर्षांच्या पोराने विचारलं तरी उत्तर त्याच्या आईसमोर द्या.

बाहेरच्यांचं काय करायचं तर लपवाछपवी अजिबात नको. दारावर पाटी लावा, कोण चालवतं, वेळ काय, फी नाही, कुठल्याही धर्माचं शिक्षण नाही. दार-खिडक्या उघड्या. जवळच्या झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगा, शक्य झालं तर पत्र घ्या. पालकांची एक छोटी कमिटी करा आणि शिकवायला वस्तीतलीच एखादी बारावी-बीए झालेली मुलगी घ्या, ख्रिस्ती असायची गरज नाही. आणि एक फार महत्त्वाचं, मुलांचे फोटो काढून ग्रुपवर आणि देणगीदारांना पाठवणं आजच बंद करा, त्याखाली "इतके आत्मे जिंकले" वगैरे लिहिणं तर त्याहून आधी. निम्मा संशय त्या फोटोंनीच पेटतो आणि खरं सांगायचं तर त्यात संशय घेणाऱ्याची चूक कमी असते.

प्रश्न : चर्चमध्ये मी गिटार वाजवतो. जुने लोक म्हणतात उपासना संगीत (मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक) सोडून दुसरं काही गायचं नाही, पेटी-तबलाच आपली परंपरा. आम्हाला हिंदी, इंग्लिश वर्शिप गाणी आवडतात. तोडगा काय?

उत्तर : त्यांना विचार, पेटी-तबला चर्चमध्ये आला तेव्हा कोण काय म्हणालं होतं. सुरुवातीला मिशनऱ्यांच्या चालीवर भाषांतरं गायली जायची, मग कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी नगरकडे कीर्तन आणलं, पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची पदं लिहिली. आज ज्याला परंपरा म्हणतात ते त्या काळचं नवं होतं. हे तुझ्या बाजूने झालं. आता तुझ्या विरोधात. टिळकांनी केलं ते सोपं नव्हतं, त्यांनी गावच्या माणसाच्या कानाला ओळखीचं असलेलं घेतलं. तुम्ही यूट्यूबवरनं जसंच्या तसं उचलता, सुरसुद्धा त्याच पट्टीत, आणि पुढे बसलेल्या आजीला एक शब्द गाता येत नाही, मग ते मंडळीचं गाणं न राहता स्टेजचं होतं.

असं कर, पेटीवाल्या काकांकडे महिनाभर जाऊन बस, टिळकांची चार-पाच पदं त्यांच्याकडून चालीसकट शीक आणि गिटारवर बसव. चाल मोडू नको, फक्त साथ दे. ते जमलं की दर रविवारी एक नवं मराठी गाणं मागून घे, देतील. मात्र पोरं फेलोशिपला ड्रमसाठी जातात हे मला पटत नाही. तिथं रविवार चुकला की सोमवारी कुणाचातरी फोन येतो, "काय रे, बरा आहेस ना?" आपल्याकडे तीन महिने दिसला नाही तरी कुणाला पत्ता नाही, वर्गणी थकली की मात्र पत्ता लागतो.

प्रश्न : कमिटीचा सेक्रेटरी आहे. कंपाउंड मोठं आणि बाजारपेठेला लागून, देखभालीला पैसा नाही. एक बिल्डर म्हणतो मागची जागा द्या, चर्च दुरुस्त करून देतो, वर पैसे देतो. सभासद दोन तटांत आहेत.

उत्तर : देऊ नका. एवढंच लिहून थांबणार होतो पण कारण सांगतो. पहिलं, जागा कुणाच्या नावावर आहे ते सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर बघा. बऱ्याच ठिकाणी ती स्थानिक मंडळीच्या नावावर नसतेच, जुन्या मिशनच्या किंवा वरच्या ट्रस्टच्या नावावर असते, मग तुमच्या कमिटीला सही करायचा अधिकारच नाही. दुसरं, ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची किंवा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. "आपण करून घेऊ, परवानगीचं मी बघतो" म्हणणारा बिल्डर ज्या दिवशी भेटेल त्या दिवशी मिटिंग बंद करा. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो, तोही दिलाय का बघा. पुष्कळ ठिकाणी रेकॉर्डवर अजून वारलेली माणसंच ट्रस्टी आहेत आणि असल्या ट्रस्टला कोर्टात कुणीही उभं करतं.

पैशाचं म्हणाल तर जागा विकून आलेला पैसा दोन-तीन वर्षांत संपतो आणि भांडण तीन पिढ्या चालतं. वसईच्या कॅथोलिक लोकांनी १९१८ मध्ये मोन्सिनियर मोनीस यांच्या पुढाकाराने पतपेढी काढली, सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून, लोकांनी आपापले थोडेथोडे पैसे घातले, आज ती मोठी सहकारी बँक आहे. तुम्ही बँक काढा म्हणत नाही. पण छपरासाठी सभासदांनी महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, हिशोब दर महिन्याला बोर्डावर लावायचा, एवढं वर्षभर करून बघा. लोक पैसे देत नाहीत ते बहुतेक वेळा हिशोब दिसत नाही म्हणून. कापणीच्या सणाला लिलावात दोनशेची कोंबडी दोन हजाराला घेणारी हीच माणसं आहेत.

प्रश्न : माझं सगळं घर चर्चला जातं, पण माझं नाव मंडळीच्या रजिस्टरवर नाही, कागदावर धर्म वेगळा आहे, कारण आरक्षणाशिवाय माझं शिक्षण झालं नसतं. नवीन पाळक म्हणतात नाव घाला नाहीतर कमिटीत, प्रभुभोजनात (भाकर-द्राक्षारसाच्या विधीत) जागा नाही. मी ढोंगी आहे का?

उत्तर : हा प्रश्न छापताना दोनदा विचार केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत, प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे आणि २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोगही नेमला. धर्म बदलला म्हणून गावात जात सुटत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. कागदाचं काय करायचं हा कायद्याचा प्रश्न आहे, त्यात मासिकाचा सल्ला घेऊ नका, चांगल्या वकिलाला भेटा, त्यात जोखीम आहे.

पाळकांसाठी मात्र लिहितो, कारण तेही हा अंक वाचतात. रजिस्टर कमिटीच्या मतदानाला लागतं, ठीक आहे, नियम आहे. पण तुमच्या मंडळीत किती माणसं आहेत हे त्या वहीवरून ठरवू नका. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून "देवाचा दरबार" सुरू केला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. लोक तेव्हाही नाराज झाले होते. एका बाजूला मंडळी घटली म्हणून रडायचं आणि दुसऱ्या बाजूला जो दर रविवारी येतो त्याला दारात अडवायचं, हे मला समजत नाही. तुमच्या ढोंगाचं म्हणाल तर त्याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही.

प्रश्न : लॉकडाऊनपासून उपासना यूट्यूबवर लाइव्ह चालू आहे. आता लोक घरूनच बघतात. बंद करावी का?

उत्तर : आजारी, म्हातारे आणि गाव सोडून गेलेले यांच्यासाठी चालू ठेवा, साधा मोबाइल स्टँडवर लावा, दोन कॅमेरे आणि मिक्सर नको. धडधाकट माणूस घरी बसून बघत असेल तर त्याच्या घरी जाऊन चहा घ्या, दोनदा गेलात की तिसऱ्या रविवारी तो येतो.

प्रश्न : आम्ही काही कुटुंबं मूळची सोलापूर भागातली, आता काही पुण्यात, काही दुबईत आणि अमेरिकेत. गावच्या चर्चला एकत्र पैसे पाठवायचे आहेत. टाइल्स, नवीन साउंड सिस्टीम किंवा कमान असा विचार आहे.

उत्तर : कमान नको! गावोगावी कमानी आहेत आणि त्यांच्यामागे बंद दारं. आधी गावच्या मंडळीला विचारा त्यांनी काय काम हाती घेतलंय, आणि काहीच घेतलं नसेल तर पैसे सध्या थांबवा. घेतलं असेल, समजा अभ्यासिका किंवा म्हाताऱ्यांच्या औषधाचं, तर दर महिन्याला थोडे थोडे द्या, एकरकमी नाही, आणि गावाने स्वतः जेवढे जमवले तेवढेच वर घाला, म्हणजे काम त्यांचंच राहील.

नियमाचं लक्षात ठेवा. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलंय त्यांचा पैसा, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांचं) असलं तरी, परदेशी देणगी धरला जातो आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या ट्रस्टला तो घेताच येत नाही. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. दुबईतल्यांकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्यांच्या स्वतःच्या कमाईतला, बँकेतून पाठवलेला असेल तर ही अडचण नाही. अमेरिकन पासपोर्टवाल्याचे पैसे पुण्यातल्या भावाच्या खात्यात टाकून तिथनं चर्चला द्यायचे, ही युक्ती बरेच जण सुचवतात, ती करू नका, निस्तरायला गावचा खजिनदार सापडतो.

आणि पैशापेक्षा जास्त उपयोगाचं एक आहे. तुमच्यातलं एखादं रिटायर झालेलं जोडपं वर्षातले दोन-तीन महिने गावी येऊन राहत असेल तर पाळकांना आधी कळवा. अभ्यासिकेतल्या पोरांना संध्याकाळी इंग्लिश आणि गणित घेणारं कुणीतरी लागतंच, आणि राहायची सोय पाळकांच्या बंगल्यात होते, फक्त गीझर नाहीये हे आधीच सांगून ठेवतो.